न दिलेले मुखत्यारपत्र

राजकीय हत्या करणारा मनुष्य ती स्वतःच्या नावावर सहसा घेत नाही. दरोडेखोर लुटतो तो स्वतःच्या पोटासाठी, बांधाच्या भांडणात कुऱ्हाड उचलणारा भाऊबंद ती उचलतो स्वतःच्या वाट्यासाठी. पण ज्याने एखाद्या नगरसेवकाच्या, प्राध्यापकाच्या किंवा शिपायाच्या मस्तकात गोळी घातली आणि दुसऱ्या दिवशी पत्रक काढून तिचे समर्थन केले, त्याच्या त्या पत्रकात 'मी' हा शब्द चुकूनही आढळत नाही. राष्ट्र, जनता, धर्म, वर्ग, भाषा यांपैकी कोणा तरी मोठ्या, गैरहजर आणि म्हणूनच खुलासा करण्यास असमर्थ अशा अशिलाच्या वतीने आपण हे कृत्य केले, असा त्याचा दावा असतो. हे मुखत्यारपत्र त्याला कोणी, केव्हा आणि कोणत्या साक्षीदारांसमक्ष लिहून दिले, हे तपासून पाहण्याची सोय कोणत्याही दफ्तरात नसते. आणि ज्यांच्या नावे तो खून पडला ते लोक घरात दार लावून बसले, तर त्यांचे बसून राहणे हीच आपल्या मुखत्यारपत्रावरची सही, असे मानण्यास तो मोकळा राहतो. राजकीय हिंसेच्या विरोधात निघणारा नागरिकांचा शांततामय मोर्चा म्हणजे हे न दिलेले मुखत्यारपत्र चारचौघांत रद्दबातल ठरविण्याची क्रिया होय. तिचे नियम, तिचे सामर्थ्य आणि तिच्या अडचणी या सर्व याच एका गोष्टीतून निघतात, असे आमचे मत आहे.

आपल्या ओळखीचा मोर्चा निराळा असतो. तो कोठे तरी जाऊन पोहोचतो. कलेक्टरकचेरी, नगरपालिका, विधानभवन असे त्याला एक दार असते, दाराआड एक अंमलदार असतो, आणि त्या अंमलदाराच्या हाती निवेदन देऊन, आश्वासन घेऊन अथवा न घेताच तो विसर्जित होतो. हिंसेविरुद्धच्या मोर्चाला असे दार नसते. पिस्तूल बाळगणाऱ्याचा पत्ता कोणाला ठाऊक नाही, ठाऊक असलाच तरी तेथे निवेदन नेण्यात अर्थ नाही. आणि सरकारकडे न्यावे, तर सरकारही त्या हिंसेला तितकेच विरोधी असल्याचे मोर्चा निघण्यापूर्वीच जाहीर करून मोकळे झालेले असते. मग चालावयाचे कोणासमोर? या प्रश्नाचे सर्वांत चिकाटीचे उत्तर गेल्या शतकाच्या अखेरच्या पंधरा-वीस वर्षांत स्पेनच्या उत्तर टोकाला असलेल्या बास्क प्रदेशाने दिले, आणि मराठीत त्याची फारशी चर्चा झालेली नसल्यामुळे ते जरा विस्ताराने सांगणे उचित होईल.

बिस्केच्या उपसागराच्या काठी, पिरेनीज पर्वताच्या पश्चिम पायथ्याशी, स्पेन आणि फ्रान्स या दोन राज्यांत विभागला गेलेला हा मुलूख आहे. येथील लोकांची भाषा जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुलात बसत नाही, आणि या भाषेचा अभिमान व तिच्यावरील जुलमाची स्मृती या दोन गोष्टींवर तेथील राष्ट्रवाद पोसला गेला. स्पेनच्या यादवी युद्धात, २६ एप्रिल १९३७ रोजी, जर्मन व इटालियन विमानांनी जनरल फ्रँकोच्या बाजूने गेर्निका हे बास्कांचे परंपरेने पूज्य असलेले गाव बेचिराख केले; पुढे फ्रँकोच्या हुकूमशाहीत त्या भाषेची शाळांतून आणि कचेऱ्यांतून हकालपट्टी झाली. या वातावरणात १९५९ साली 'एता' या संघटनेचा जन्म झाला आणि १९६८ पासून तिने माणसे मारण्यास आरंभ केला. फ्रँकोची राजवट असेपर्यंत या संघटनेविषयी स्पेनबाहेरच्या उदारमतवाद्यांनाही काहीशी सहानुभूती होती. परंतु फ्रँको १९७५ साली वारला, १९७८ साली लोकशाही राज्यघटना आली, १९७९ च्या कायद्याने बास्क प्रदेशाला स्वतःचे विधिमंडळ, स्वतःचा करवसुलीचा अधिकार आणि पुढे स्वतःचे पोलीसदलही लाभले. आणि नेमक्या याच सुमारास हत्यांचे प्रमाण शिगेला पोहोचले. एताने एकंदर आठशेहून अधिक माणसे मारली, आणि त्यांतील फार मोठा भाग हुकूमशहाच्या मृत्यूनंतरचा आहे, ही गोष्ट या संघटनेच्या कैवाऱ्यांना नेहमीच अडचणीची वाटत आली. दुसऱ्या बाजूने १९८३ ते १९८७ या काळात 'गाल' या नावाने वावरणाऱ्या मारेकऱ्यांच्या टोळ्यांनी सत्तावीस जणांचे बळी घेतले. या टोळ्यांना स्पेनच्या गृहखात्यातून पैसा व आश्रय मिळत होता, आणि तत्कालीन गृहमंत्र्यांना १९९८ साली न्यायालयाने त्यातील एका अपहरणाबद्दल शिक्षाही ठोठावली.

अशा मुलखात सामान्य माणसाने काय करावे? बहुतेकांनी तेच केले जे बहुतेक माणसे बहुतेक ठिकाणी करतात: ते गप्प राहिले. लहान गावात खून झाला म्हणजे खिडक्या लागत, अंत्ययात्रेला चारदोन नातेवाईक आणि गणवेशातले सहकारी जात, आणि मारल्या गेलेल्या माणसाविषयी दबक्या आवाजात एक वाक्य फिरे की, त्याने काही तरी केले असेलच. हे शेवटचे वाक्य गोळीहून अधिक घातक म्हटले पाहिजे, कारण गोळी एकाच माणसाला लागते. कारखानदारांकडून 'क्रांतिकर' या नावाने खंडणी वसूल होई आणि ती मुकाट्याने दिली जाई. १९८६ च्या सप्टेंबरात, एताची एके काळची पुढारी असलेली आणि हिंसेचा मार्ग सोडून घरी परतलेली 'योयेस' या टोपणनावाची स्त्री, आपल्या तीन वर्षांच्या मुलाचा हात धरून स्वतःच्याच गावातील जत्रेत फिरत असता, तिच्या जुन्या सहकाऱ्यांनी तिला गोळ्या घातल्या. मुखत्यारपत्र नाकारणाऱ्या घरच्या माणसाला कोणती शिक्षा मिळते, याचा तो जाहीर वस्तुपाठ होता.

याच सुमारास, १९८५-८६ मध्ये, बिल्बाओ शहरातील काही मंडळींनी, ज्यांत ख्रिस्ती युवक-मंडळांतून आलेले तरुण पुष्कळ होते, एक साधा नियम स्वतःस घालून घेतला. राजकीय हिंसेत कोणाचाही मृत्यू झाला, की त्याच्या दुसऱ्या दिवशी, ठरलेल्या वेळी, गावातील ठरलेल्या चौकात, एका फलकामागे पंधरा मिनिटे मूक उभे राहावयाचे आणि नंतर घरी जावयाचे. भाषण नाही, घोषणा नाही, पक्षाचा झेंडा नाही. या उपक्रमातून 'खेस्तो पोर ला पास', म्हणजे 'शांततेसाठी एक कृती', या नावाची संघटना उभी राहिली. पुढे तिचे गट बास्क प्रदेशात आणि शेजारच्या नावार्रा प्रांतात मिळून शंभराच्या वर गेले, आणि प्रत्येक गट आपापल्या वस्तीच्या चौकात उभा राहू लागला. या नियमातील खरा अवघड शब्द 'कोणाचाही' हा होता. एताने शिपाई मारला तर उभे राहावयाचे, हे समजण्यासारखे आहे; पण 'गाल'ने एताच्या माणसाला मारले तरीही उभे राहावयाचे, आणि एताचा सभासद पोलिसांशी झालेल्या चकमकीत ठार झाला तरीही त्याच चौकात, त्याच फलकामागे, तितकीच पंधरा मिनिटे उभे राहावयाचे, हे पचविणे दोन्ही बाजूंच्या लोकांना जड गेले. हुतात्म्याच्या पत्नीला त्यात आपल्या दुःखाचा अपमान वाटला, एताच्या समर्थकांना त्यात ढोंग दिसले. आमच्या मते मात्र त्या संघटनेचे सर्व बळ या एका शब्दात होते. कारण ज्या क्षणी तुम्ही प्रेतांतून निवड करू लागता, त्या क्षणी तुम्ही कोणा एकाच्या बाजूचे ठरता, आणि 'आमच्या नावे मारू नका' या वाक्याचा अर्थ 'त्यांच्या नावे मारा' असा काढण्यास दुसरा मोकळा होतो.

या उभे राहण्यात इतके काय मोठे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर समाजशास्त्रज्ञांनी दोन निरनिराळ्या बाजूंनी दिले आहे. पश्चिम जर्मनीतील लोकमताच्या अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ साली असा सिद्धान्त मांडला की, मनुष्य बोलण्यापूर्वी भोवतालच्या मताचा अंदाज घेतो, आपण अल्पमतात आहोत असे वाटले की एकाकी पडण्याच्या भयाने गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याने ते मत होते त्याहून अधिक दुबळे दिसू लागते, आणि त्यामुळे त्याच मताचा दुसरा मनुष्य गप्प होतो; येणेप्रमाणे मौनाचे एक आवर्त सुरू होते, ज्याच्या अखेरीस प्रत्यक्षात बहुमत असलेली माणसेही स्वतःला मूठभर समजू लागतात. अर्थशास्त्रज्ञ तिमुर कुरान यांनी हाच विचार पुढे नेला. माणसाची खासगी पसंती आणि त्याची जाहीर पसंती यांत अंतर असते, ते दहशतीच्या राज्यात वाढत जाते, आणि म्हणून वरवर भक्कम दिसणारी राजवट एके दिवशी कोणाच्याही अंदाजाबाहेर कोसळते, जशी १९८९ साली पूर्व युरोपात ओळीने कोसळली. कारण पहिला मनुष्य बोलला म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्याची किंमत उतरते, दुसरा बोलला म्हणजे तिसऱ्याची. या दृष्टीने पाहिले तर चौकातील बारा माणसे मारेकऱ्याला उद्देशून उभी नसतात, आणि सरकारला उद्देशून तर मुळीच नसतात. ती उभी असतात पडद्याआडून पाहणाऱ्या शेजाऱ्याला उद्देशून. त्याला ती एवढेच कळवितात की, तू एकटा नाहीस. मघाच्या 'चालावयाचे कोणासमोर' या प्रश्नाचे हे उत्तर आहे, आणि मोर्चातील डोकी मोजण्यात जन्म घालविणाऱ्या आपल्या वृत्तपत्रांना ते सहसा सुचत नाही.

लहान गाव महत्त्वाचे ठरते ते याच कारणाने. महानगराच्या लाखाच्या गर्दीत सामील होणे सोपे असते. तेथे चेहरा हरवतो, आणि हरवलेल्या चेहऱ्यावर सूड उगविता येत नाही. उलट सहा हजार वस्तीच्या गावात, जेथे पाववाला, शाळामास्तर आणि बंदुकीच्या समर्थकाचा मामा एकमेकांना पाळण्यातल्या नावाने ओळखतात, तेथे आठ माणसांनी फलकामागे उभे राहणे म्हणजे आपली नावे स्वतःच्या हाताने यादीत लिहून देणे होय. १९९३ साली एका अभियंत्याचे अपहरण होऊन त्याला एकशे सतरा दिवस डांबून ठेवण्यात आले, तेव्हा त्याच्या सुटकेची मागणी म्हणून छातीवर निळी फीत लावण्याची प्रथा पडली. ती फीत लावून बाजारात जाणे हेही कित्येक गावांत धैर्याचे काम होते. १९९५ साली दुसऱ्या एका उद्योजकाला पळविण्यात आले आणि तो जवळजवळ अकरा महिने कैदेत राहिला. त्या काळात दर आठवड्याला शांततावाले चौकात जमू लागताच, हाकेच्या अंतरावर एताचे समर्थक आपला प्रतिजमाव भरवू लागले. एका बाजूला निःशब्द माणसे, दुसऱ्या बाजूला शिव्या, धमक्या आणि कित्येकदा फेकलेल्या वस्तू, मध्ये बास्क पोलिसांची रांग. अशा वेळी उत्तर न देण्याची जी शिस्त लागते तिचे वर्णन 'निष्क्रियता' या शब्दाने करणारा मनुष्य कधी त्या जागी उभा राहिलेला नसावा. घोषणेला घोषणेने उत्तर दिले असते, तर बघणाऱ्याला दोन टोळ्या दिसल्या असत्या. मौन पाळल्यामुळे एक टोळी आणि एक समाज दिसला.

या संघटनेचा वार्षिक मोठा मोर्चा जानेवारीच्या अखेरीस बिल्बाओत निघे, आणि ती वेळ गांधीजींच्या पुण्यतिथीला धरून निवडलेली होती. स्पेनमध्ये ३० जानेवारी हा दिवस शाळांतून अहिंसा व शांततेचा दिन म्हणून पाळण्याची प्रथा माजोर्का बेटावरील योरेन्स व्हिदाल या कवी-शिक्षकाने १९६४ सालीच, म्हणजे फ्रँकोच्या हयातीत, सुरू केली होती. आपल्याकडे त्या दिवशी अकरा वाजता भोंगा होतो आणि दोन मिनिटांनी कचेरीतले काम पुन्हा सुरू होते; तिकडे ज्यांनी गांधींना पाहिले नाही, ज्यांच्या धर्मात वा भाषेत गांधींचे काही नाही, अशा लोकांनी त्या दिवसाला काम दिले.

केवळ मोठा जमाव पुरेसा नसतो, हे समजण्यासाठी याच प्रकारच्या, परंतु याहून पुष्कळ अधिक गाजलेल्या एका चळवळीकडे वळले पाहिजे. १० ऑगस्ट १९७६ रोजी उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात ब्रिटिश सैनिकांनी पाठलागावर असताना आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या एका मोटारचालकाला गोळी घातली. बेताल झालेली मोटार पदपथावर चढली आणि एका आईची तीन मुले, त्यांतील सर्वांत लहान अवघे सहा आठवड्यांचे, प्राणास मुकली. मुलांची मावशी मायरेड कॉरिगन आणि त्या परिसरातील एक गृहिणी बेटी विल्यम्स या दोघींनी काही दिवसांतच हजारोंचे मोर्चे काढले. कॅथलिक स्त्रिया प्रॉटेस्टंटांच्या शँकिल रस्त्यावरून चालल्या आणि तेथील स्त्रियांनी त्यांना मिठ्या मारल्या, हे दृश्य त्या शहराने पूर्वी पाहिले नव्हते. त्या वर्षी त्या प्रांतात सुमारे तीनशे माणसे हिंसेत मेली होती. पुढील वर्षी ती संख्या एकशे दहाच्या थोडी वर इतकी उतरली. दोघींना १९७६ सालचे नोबेल शांतता-पारितोषिक मिळाले. आणि तरीही ती चळवळ दोन-तीन वर्षांत ओसरली. पारितोषिकाच्या रकमेवरून मतभेद झाले, हे एक कारण सांगतात, पण ते वरवरचे आहे. खरी चीर त्याआधीच, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, पडली होती. टर्फ लॉज या कॅथलिक वस्तीत सैनिकाने झाडलेल्या प्लॅस्टिकच्या गोळीने तेरा वर्षांचा एक मुलगा दगावला, आणि त्या वस्तीतील सभेस गेलेल्या या दोघींना लोकांच्या संतापास तोंड द्यावे लागले. बंदूकवाल्यांचा निषेध करता तितक्याच मोठ्याने सैन्याचा निषेध का करीत नाही, असा तेथील मातांचा सवाल होता. बिल्बाओच्या मंडळींनी 'कोणाचाही' हा शब्द पहिल्या दिवशीच नियमात घालून ठेवला होता. बेलफास्टमध्ये तो प्रश्न हजारोंचा मोर्चा रस्त्यावर असताना उपस्थित झाला, आणि तोपर्यंत उशीर झालेला होता.

आता १९९६-९७ कडे येऊ. १४ फेब्रुवारी १९९६ रोजी स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाचे माजी अध्यक्ष आणि कायद्याच्या इतिहासाचे प्राध्यापक फ्रान्सिस्को तोमास इ व्हालियेंते यांना माद्रिदच्या स्वायत्त विद्यापीठातील त्यांच्या खोलीत शिरून एताच्या मारेकऱ्याने ठार केले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी तळहात पांढरे रंगवून वर केले, आणि पुढे पांढरे तळहात हीच सर्व स्पेनमध्ये या मोर्चांची खूण झाली. त्यानंतर दीड वर्षाने, १० जुलै १९९७ रोजी, एर्मुआ या कामगारवस्तीच्या गावातील एकोणतीस वर्षांचे नगरसेवक मिगेल आंखेल ब्लांको यांना एताने पळविले. गवंड्याचा मुलगा, अर्थशास्त्राचा पदवीधर, फावल्या वेळात गावच्या वाद्यवृंदात ड्रम वाजविणारा हा तरुण सत्ताधारी पीपल्स पार्टीचा होता, एवढाच त्याचा अपराध. आपले सर्व कैदी अठ्ठेचाळीस तासांत बास्क प्रदेशातील तुरुंगांत आणावेत, अन्यथा त्याला मारू, असा एताचा निर्वाणीचा इशारा होता. शनिवारी दुपारी चारला मुदत संपत होती. त्या शनिवारी मुदतीच्या काही तास आधी बिल्बाओच्या रस्त्यांवर सुमारे पाच लाख माणसे उतरली, आणि त्या संपूर्ण प्रांताची वस्तीच मुळी अकरा-बारा लाखांची होती. मुदत टळली. पाच वाजण्याच्या सुमारास लासार्ते गावाजवळच्या झाडीत ब्लांको हात बांधलेल्या, डोक्यात दोन गोळ्या झालेल्या अवस्थेत सापडले आणि १३ तारखेच्या पहाटे रुग्णालयात वारले.

त्यानंतरच्या दोन दिवसांत स्पेनभर लाखोंच्या संख्येने लोक बाहेर पडले, ती आकडेवारी सर्वत्र मिळते. आम्हांस अधिक बोलके वाटतात ते त्या दिवसांतील तीन लहान प्रसंग. ओळख पटून सूड उगविला जाऊ नये म्हणून सदैव तोंडावर बुरखे घालणाऱ्या बास्क पोलिसांनी जमावासमोर ते बुरखे काढले, आणि लोकांनी त्यांना मिठीत घेतले. एताच्या राजकीय आघाडीच्या कचेरीसमोर लोकांनी गुडघे टेकले, हात मानेमागे बांधले आणि आपली मान मारेकऱ्यांना देऊ केली. तिसरा प्रसंग एर्मुआतलाच. संतप्त जमावाने त्याच आघाडीच्या गावातील कचेरीला आग लावली, तेव्हा समाजवादी पक्षाचे महापौर कार्लोस तोतोरिका अग्निशामक नळकांडे घेऊन धावले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी ती विझविली. ज्याच्या गावचा मुलगा नुकताच मारला गेला आहे अशा माणसाने, मारणाऱ्यांच्या कैवाऱ्यांची खुर्ची-टेबले वाचविण्यासाठी, स्वतःच्याच लोकांना मागे सारावे, याहून या प्रकारच्या मोर्चाचे मर्म स्पष्ट करणारी दुसरी घटना आम्हांस ठाऊक नाही.

या ठिकाणी मराठी वाचकाला दूर जावे लागू नये. ३० जानेवारी १९४८ नंतरच्या आठवड्यात, मारेकरी पुण्याचा आणि अमुक जातीचा एवढ्या कारणावरून, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे पेटली, माणसे मेली, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. दुःख खरे होते, लोक गांधीजींसाठीच रडत होते. आणि तरीही त्यांनी खुन्याचे मुखत्यारपत्र रद्द करण्याऐवजी ते एका सबंध जातीच्या नावे नोंदवून टाकले. त्या दिवसांत काही गावांत शेजारी दारात आडवे उभे राहिले, हेही खरे आहे. त्यांची नावे बहुतेक ठिकाणी घरगुती आठवणींतच राहिली.

एर्मुआच्या लाटेनंतर सर्व एकोप्याने चालले, असे मात्र समजू नये. २२ फेब्रुवारी २००० रोजी बास्क समाजवाद्यांचे पुढारी फर्नांदो बुएसा आणि त्यांचा अंगरक्षक यांना व्हितोरिया शहरात बाँबने उडविण्यात आले. चार दिवसांनी निघालेला निषेधमोर्चा एकच असावयाचा, तो प्रत्यक्षात दुभंगला: पुढे प्रांताध्यक्ष इबारेचे यांच्या जयजयकाराच्या घोषणा देणारे राष्ट्रवादी, आणि बऱ्याच अंतराने मागे मृताचे कुटुंबीय व सहकारी. मृताचा निषेधमोर्चा प्रांताध्यक्षांच्या शक्तिप्रदर्शनाला जुंपला जावा, हे पाहून मृताच्या घरच्यांना काय वाटले असेल ते सांगावयास नको. याच सुमारास 'बास्ता या', म्हणजे 'आता पुरे', या नावाची दुसरी संघटना उदयास आली. तत्त्वज्ञ फर्नांदो साव्हातेर तिच्या अग्रभागी होते आणि युरोपीय संसदेचे साखारोव्ह पारितोषिक तिला २००० साली मिळाले. तिचा जुन्या मंडळींवर आक्षेप असा की, मूक उभे राहून सर्वांसाठी सारखाच शोक करणे ही एक प्रकारची नैतिक आळशी वृत्ती आहे. मारणारा आणि मरणारा यांना एका तागडीत तोलता येत नाही, आणि जेथे एक बाजू पिस्तूल घेऊन उभी आहे तेथे नागरिकाने राज्यघटनेची बाजू मोठ्याने घेतली पाहिजे. या आक्षेपात तथ्य आहे. तथापि ज्या वर्षांत चौकात बारा माणसेही जमत नव्हती, त्या वर्षांत मोठ्याने बोलणाऱ्यांसाठी जमीन तयार केली ती या मुक्यांनीच, हे विसरून चालणार नाही.

मुखत्यारपत्राची ही उपपत्ती सर्वत्र लागू पडतेच असेही नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, सकाळी फिरावयास निघालेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यानंतर दर महिन्याच्या २० तारखेला त्यांचे सहकारी आणि नागरिक त्याच पुलावर जमू लागले. तीच जागा, तीच तारीख, हा क्रम बास्क चौकांशी थेट जुळणारा आहे. पण तेथे एता पत्रक काढून खून स्वतःच्या नावावर घेत असे, येथे तो कोणीही घेतला नाही. अशिलाचे नावच न सांगणाऱ्या मुखत्याराला नाकारावयाचे कसे? म्हणून पुलावरच्या लोकांचा प्रश्न मुख्यतः सरकारला राहिला: तपास कोठवर आला? पुण्याच्या न्यायालयाने १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. सूत्रधार कोण, या प्रश्नाचे उत्तर त्या निकालानंतरही मिळालेले नाही.

बास्क प्रदेशात हिंसा कशाने थांबली, याविषयी तेथे आजही वाद आहे. फ्रेंच पोलिसांनी दिलेले सहकार्य, एताच्या पुढाऱ्यांच्या एकामागून एक झालेल्या अटका, २००३ साली तिच्या राजकीय आघाडीवर आलेली बंदी, आणि २००४ च्या मार्चमध्ये माद्रिदच्या आगगाड्यांत निराळ्याच अतिरेक्यांनी जवळजवळ दोनशे माणसे मारल्यानंतर बाँब या साधनाविषयीच सर्वत्र उत्पन्न झालेली किळस, ही सारी कारणे वजनदार आहेत, आणि पंधरा मिनिटांच्या उभे राहण्याने एकही पिस्तूल जप्त झाले नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु तुरुंगात गेलेल्याच्या जागी भरती होणारा नवा तरुण ज्या गावातून येतो, त्या गावाने आपल्याविषयी काय म्हणावे याची त्यालाही फिकीर असते, आणि ते गाव पूर्वी जे म्हणत असे ते आता म्हणेनासे झाले होते. स्पेनच्या भूमीवर एताने शेवटचे बळी ३० जुलै २००९ रोजी माजोर्का बेटावर घेतले. २०१० च्या मार्चमध्ये पॅरिसनजीक एक फ्रेंच पोलीस तिच्या गोळीने मेला. २० ऑक्टोबर २०११ रोजी तिने शस्त्रे कायमची थांबविल्याचे जाहीर केले आणि २०१८ च्या मे महिन्यात ती विसर्जित झाली.

'खेस्तो'ने मात्र इतकी वाट पाहिली नाही. कोणाचाही मृत्यू झाला की दुसऱ्या दिवशी जमावयाचे, हा तिचा नियम होता. तो लागू करण्याचा प्रसंगच तीन वर्षे आला नाही, तेव्हा २०१३ साली तिने सभा घेऊन स्वतःला बरखास्त केले. आपल्याकडे एखाद्या पुतळ्याचे अनावरण होऊन तीस वर्षे लोटली तरी त्याची स्मारकसमिती, अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदारासह, नांदत असते. त्या मानाने हे वर्तन असाधारणच म्हणावे लागेल.